ब्रोकरची नोट उघडून बघा

शेअर घेतला किंवा विकला, की चोवीस तासांच्या आत ब्रोकरनं कॉन्ट्रॅक्ट नोट पाठवलीच पाहिजे, असा सेबीचा नियम आहे. हल्ली ती ई-मेलनं येते आणि न उघडताच पडून राहते. आमच्या शेजारच्या निवृत्त मास्तरांचं तसंच झालं. त्यांनी न सांगितलेले सौदे महिनाभर त्यांच्या खात्यावर चालू होते. नोटा मात्र नियमानं येत होत्या! पुढं तक्रारीला पुरावा झाला तो त्यांचाच. नोटेत ऑर्डर क्रमांक, सौद्याची वेळ, नग, भाव, दलाली, एसटीटी सगळं वेगवेगळं दिलेलं असतं. मी आधी वेळ बघतो. आपण फोन केला अकराला आणि सौदा साडेनऊचा, तर ब्रोकरला त्याच दिवशी लेखी विचारावं. एक्स्चेंजकडून येणाऱ्या एसएमएसशीही ताडून पाहावं.