जोत्याआधीचा दगड



घर बांधावयाचे ठरले की आपण मुहूर्त पाहतो, पाणी पाहतो, गवंड्याचा हात पाहतो. जमीन तेवढी पाहावयाची राहते. कारण ती आपलीच आहे, तिच्यात काय पाहावयाचे, अशी आपली समजूत असते. ही समजूत किती महाग पडते, ते आम्ही स्वतःच्या अनुभवाने सांगतो.

आम्ही तीन गुंठ्यांचा तुकडा घेतला होता. तेहतीस फूट रुंद, नव्व्याण्णव फूट लांब. बांधकाम परवानगीच्या अर्जाला सातबारा जोडला, मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत जोडली, वास्तुशिल्पकाराचा आराखडा जोडला. शिक्का मिळाला. जोते कमरेइतके वर आले, तेव्हा शेजारचे गृहस्थ हातात आपला नकाशा घेऊन आले. ज्या तारेच्या कुंपणाला आम्ही हद्द मानले होते, ते त्यांच्या जमिनीत अडीच फूट शिरलेले होते! हद्दीचे दगड केव्हाच नाहीसे झाले होते. आमचा कागद बरोबर होता. पण तो जमिनीवर नेऊन कोणी पाहिलाच नव्हता.

आम्ही तावातावाने कचेरीत गेलो. तेथील वृद्ध कारकून शांतपणे म्हणाले, “साहेब, आम्ही तुमचा नकाशा तपासला, तुमची जमीन नव्हे.”

त्या क्षणी राग आला. आज वाटते, ते खरे तेच बोलले. परवानगी म्हणजे बांधकाम नियमांत बसते एवढीच ग्वाही. बाजूला सोडावयाची जागा हद्दीपासून मोजतात. हद्दच चुकली की पुढची सारी मापे चुकतात. अडीच फूट गुणिले नव्व्याण्णव, म्हणजे सुमारे २४७ चौरस फूट. गुंठा १०८९ चौरस फुटांचा. तेव्हा जवळजवळ पाव गुंठा आम्ही नकळत दुसऱ्याचा धरला होता.

मग दोष कोणाचा? भूकरमापक आपल्या मोजणीला जबाबदार आहे; ती मान्य नसेल तर वरिष्ठांकडून निमताना मोजणी मागता येते. वास्तुशिल्पकार आपल्या आराखड्याला जबाबदार आहे. परंतु हद्दीच्या खुणा सांभाळण्याची जबाबदारी १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने जमीनधारकावरच टाकली आहे. ही गोष्ट न्यायाचीही आहे. बाकीचे सही करून घरी जातात; त्या भिंतीआड जन्म काढावयाचा असतो तो आपल्याला.

पूर्वी तेहतीस फुटी साखळी ओढीत, आता उपग्रहाच्या आधाराने चालणारी यंत्रे आली. मोजणी सुधारली, पण मोजणी मागण्याचे काम यंत्र करीत नाही. म्हणून आमचे सांगणे एवढेच : अर्जाच्या आधी हद्द कायम करण्याची मोजणी मागावी. त्या दिवशी शेजाऱ्यांसह स्वतः हजर राहावे. खुणा दाखवतील तेथे लगेच दगड पुरावेत आणि पायाची आखणी त्या दगडांपासून आपल्या डोळ्यांदेखत करून घ्यावी. कुंपणापासून कधीही नव्हे.

आम्ही ती भिंत पाडली, पुन्हा बांधली. दोन महिन्यांची मजुरी पाण्यात गेली. शेजारी भला, म्हणून कोर्टाची पायरी टळली. नव्या दगडांवर त्यांनी आणि आम्ही मिळून चुना लावला. दर दिवाळीला आजही लावतो.