अर्ज मागें घेतांना

नोकरीचा अर्ज करावा कसा हें शिकविणारे पुष्कळ असतात. केलेला अर्ज मागें घ्यावा कसा हें सहसा कोणी शिकवीत नाहीं. त्यामुळें चांगला शिकलेला माणूसहि अशा वेळीं मुका होतो. दुसरीकडे जागा मिळाली कीं पहिल्या कचेरीचा फोन उचलावयाचा नाहीं, पत्रास उत्तर द्यावयाचें नाहीं, अशीच रीत पडत चालली आहे.

मुंबईच्या उपनगरांत तर हा प्रसंग घरोघरचा. मुलुंडच्या तरुणानें अंधेरीच्या औद्योगिक वसाहतींत अर्ज करावा, आणि मुलाखत होते न होते तोंच त्याला घाटकोपरला जागा मिळावी! पूर्वीं मुलुंडहून अंधेरीस आगगाडीनें जावयाचें म्हणजे दादरला गाडी बदलणें आलें. ८ जून २०१४ रोजीं वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली तेव्हांपासून हा वळसा टळला. तरी रोजची दगदग, घरचे वृद्ध आईबाप आणि हातीं पडणारा पगार यांचा हिशेब करून त्यानें जवळची जागा पत्करली, तर त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. मौन मात्र लाजिरवाणें. त्याचा भार कचेरीवर थोडा व यादींतील पुढच्या उमेदवारावर फार पडतो. बोरिवलीचा कोणी गृहस्थ त्याच जागेकडे डोळे लावून बसलेला असतो, आणि पहिल्याचें उत्तर येईपर्यंत त्याला ना होकार मिळतो ना नकार.

सरकारी भरतींत हें फार स्पष्ट दिसतें. एकच उमेदवार दोन-तीन पदांसाठीं निवडला जातो, रुजू होतो एकाच पदावर, आणि बाकीच्या जागा अडून राहतात. म्हणून महाराष्ट्र लोकसेवा आयोगानें राज्यसेवा परीक्षा २०२२ सारख्या भरतींत अंतिम निकालापूर्वीं निवडप्रक्रियेंतून बाहेर पडण्याचा विकल्प उमेदवारांस दिला. खासगी कचेऱ्यांत असा विकल्प बहुधा छापलेला नसतो. तेथें सारें उमेदवाराच्या सौजन्यावर.

कायदाहि थोडा जाणून असावा. नुसत्या अर्जानें कोणी बांधला जात नाहीं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणें प्रस्ताव हा त्याची स्वीकृति रवाना होण्यापूर्वीं केव्हांहि मागें घेतां येतो. आणि धाडलेली स्वीकृतीसुद्धां समोरच्यास कळण्यापूर्वीं परत घेतां येते. टपालाच्या काळांत होकाराच्या पत्राला मागाहून तार करून गांठण्याइतका अवधि असे. ई-मेलनें तो जवळजवळ नाहींसा केला. तेव्हां होकार कळविल्यानंतरची माघार ही निराळी बाब होय. तेथें नेमणूकपत्रांतील अटी आधीं वाचाव्या व प्रत्यक्ष भेटून बोलावें.

एरवीं पत्र चार ओळींचें पुरे. ‘अमुक तारखेस अमुक पदासाठीं केलेला अर्ज मी मागें घेत आहें. मला दुसरीकडे नेमणूक मिळाली आहे. मुलाखतीसाठीं आपण दिलेल्या वेळाबद्दल आभारी आहें.’ वर पदाचें नांव व अर्जाचा क्रमांक असावा, म्हणजे कारकुनास शोधाशोध पडत नाहीं. पगार कमी होता, साहेब तिरसट वाटले, हें लिहूं नये. आणि नसलेलें आजारपण तर मुळींच लिहूं नये, कारण उपनगरांतील गाड्यांत माणसें पुन्हां पुन्हां भेटतात. मुलाखत झालेली असेल तर आधीं फोन, मग पत्र. मुलाखत उद्यांवर आली असेल तर आजच, कचेरी सुटण्यापूर्वीं.

आणखी एक. ज्या आप्ताच्या किंवा शेजाऱ्याच्या शब्दावर अर्ज पुढें गेला असेल, त्याला हें सर्वांआधीं सांगावें. बिचाऱ्याला ही बातमी त्याच्या साहेबाच्या तोंडून कळूं देऊं नये.