किशोरांचे बलसंवर्धन आणि वस्तादाचे दायित्व

(पनवेल तालुक्यातील नेरे येथे क्रीडाशिक्षक, पालक आणि किशोरवयीन खेळाडू यांच्यासमोर झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



बलोपासना हा विषय या तालुक्याला नव्याने सांगावा लागत नाही. येथून जवळच असलेल्या शिरढोण गावी ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. पुढे पुण्यात त्यांनी लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत शस्त्रविद्येचे धडे घेतले. आजचा विषय क्रांतीचा नाही, तरी एक शब्द मी तेथून उचलणार आहे. तो शब्द म्हणजे ‘वस्ताद’. कोच, ट्रेनर हे शब्द आज प्रचलित आहेत आणि त्यांना माझा विरोध नाही. परंतु वस्ताद या शब्दात एक दायित्व गृहीत होते. पोराने किती जोर काढायचे हे वस्ताद ठरवी, आणि कधी थांबायचे हेही तोच ठरवी. नवख्याला आल्याबरोबर कुस्तीला उभे करीत नसत. आधी हौद्यातील माती खोऱ्याने उकरायची, मग जोर-बैठका, मग मुद्गल, आणि त्यानंतर जोडीदाराशी झट. ही चढण कोणी ग्रंथ वाचून आखलेली नव्हती, पण तिच्यातील क्रम आजच्या क्रीडाशास्त्राशी जुळतो. मिलो नावाच्या ग्रीक मल्लाची कथा प्रसिद्धच आहे. तो वासराला रोज खांद्यावर घेई. वासरू वाढत गेले, तसे त्याचे बळही वाढत गेले. कथेतला बैल आपण बाजूला ठेवू. रोज थोडे, आणि सोसेल तेवढेच, हे तत्त्व तेथेही आहे आणि आपल्या तालमीतही होते.

आता पालकांच्या मनातील पहिली शंका घेतो. ‘मुलाने वजने उचलली की त्याची उंची खुंटते’, हे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. योग्य देखरेखीखाली, वयाला साजेशा प्रमाणात केलेल्या शक्तिव्यायामाने उंची खुंटते, याला शास्त्रीय आधार मिळालेला नाही. उलट जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनात ५ ते १७ वयोगटासाठी दररोज सरासरी ६० मिनिटे शारीरिक हालचाल आणि आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे. मग भीती कशाची बाळगायची? वाढत्या हाडाच्या टोकाशी कूर्चेचा एक थर असतो. हाड तेथून लांबते. तो थर पक्क्या हाडापेक्षा नाजूक असतो. चुकीच्या पद्धतीने, झटक्याने, ईर्षेपोटी उचललेले वजन तेथे इजा करू शकते. लहान मुलांच्या बाबतीत तर वजन पायावर पडणे, बोट चिमटणे असलेच अपघात अधिक घडतात. म्हणजे दोष लोखंडाचा नसतो, तर शेजारी जाणता माणूस नसल्याचा असतो.

दुसरी गोष्ट मुलांसाठी. दहा-अकरा वर्षांच्या मुलाचे बळ व्यायामाने वाढते, पण दंड फुगत नाहीत. या वयात मज्जातंतू आणि स्नायू यांचा मेळ सुधारतो, म्हणून शक्ती वाढते. आरशात काही दिसले नाही म्हणून निराश होऊ नका, आणि मोठ्या भावाच्या जिममध्ये जाऊन त्याच्याएवढे वजन लावू नका. या वयाला आपलेच शरीर हे उत्तम वजन आहे. बैठका, सूर्यनमस्कार, दोरीवर चढणे, लोंबकळणे, उडी मारून हलकेच उतरणे यांची सवय आधी व्हावी. मल्लखांब तर यासाठीच जणू निर्माण झाला. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी पुनरुज्जीवित केलेल्या या विद्येत पकड, पोट, पाठ, खांदे सर्वांचीच परीक्षा होते.

मुलींची उंची साधारणपणे बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची चौदाव्याच्या आसपास सर्वाधिक वेगाने वाढते. या काळात हाडे पुढे धावतात, स्नायू मागे राहतात. कालपर्यंत चपळ असलेला चढाईपटू अचानक अडखळू लागतो, गुडघ्याच्या वाटीखाली दुखते म्हणतो. त्यावर ‘आळशी झालास’ असे ऐकवणे हा अन्याय आहे. शिक्षकांनी दर तीन महिन्यांनी भिंतीशी उभे करून उंची मोजावी आणि वहीत मांडावी. वेगाने वाढताना दिसला की उड्या आणि पळणे काही काळ कमी करावे, तंत्रावर भर द्यावा. दुखणे टिकले तर डॉक्टरांना दाखवावे.

आता ज्यासाठी मी मुख्यतः आलो, तो विषय. रायगड हा कबड्डीचा जिल्हा. कुमार गटात वजनाची मर्यादा असते आणि कुस्तीत तर वजनगटच असतात. मग स्पर्धेच्या आदल्या दिवशी काय चालते, ते येथील अनेकांना ठाऊक आहे. पोराचे जेवण बंद, पाणी बंद, अंगावर दोन-दोन स्वेटर आणि भर उन्हात मैदानाला फेऱ्या. काट्यावर उभा राहिला, बसला, की सगळे टाळ्या पिटतात! बंधुंनो, त्या टाळ्या कशाच्या असतात? घटलेले ते दोन किलो चरबी नसते, ते पाणी असते. पाणी घटले की रक्ताचे आकारमान घटते, हृदयाला अधिक धावावे लागते, मूत्रपिंडावर ताण येतो. आपल्या कोकणच्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही, म्हणजे शरीर थंड होण्याची वाटही अडलेली असते. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत महाविद्यालयीन कुस्तीगीर असलेले तीन तरुण सुमारे सहा आठवड्यांच्या आत असेच घाम गाळून वजन उतरवताना मरण पावले. त्यानंतर तेथे रबरी पोशाख आणि तापवलेल्या खोल्या यांवर बंदी आली, नियम बदलले. ते तर वाढ पूर्ण झालेले, कसलेले मल्ल होते. आपण चौदा वर्षांच्या मुलाविषयी बोलत आहोत.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीच्या दिवशी १०० ग्रॅम अधिक भरली आणि अपात्र ठरली. तिच्याभोवती डॉक्टर होते, आहारतज्ज्ञ होते. आपल्या पोराभोवती कोण असते?

आणि दुसरे उदाहरण आपल्या मातीतले. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८ साली लंडनला ते ५२ किलोच्या गटात लढले आणि सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकले, ते ५७ किलोच्या गटात. स्वतंत्र भारताचे हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक गट वर गेल्यावर मिळालेले आहे, हे शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावे. वाढत्या मुलाचे वजन वाढणारच. तो गटात बसत नसेल तर गट बदलावा. एखादी स्पर्धा हुकली तर हुकू द्यावी.

मुलींबाबत एक वाक्य स्पष्टपणे बोलतो. अपुरे खाऊन कष्ट करणाऱ्या मुलीची मासिक पाळी बंद पडली, तर ती ‘सोय झाली’ नव्हे. हाडे कमकुवत होत असल्याची ती सूचना असू शकते. हे मोकळेपणाने सांगता येईल अशी एक शिक्षिका किंवा माता प्रत्येक संघाबरोबर असलीच पाहिजे.

आहाराविषयी फार बोलत नाही. नाचणी, चवळी, वाल, कुळीथ, दूध, अंडी, सुकट हे आपल्या घरात आहे. डबेबंद भुकटीची घाई नको. इंजेक्शनाचा मात्र उल्लेख केला पाहिजे. वजनाने उंची खुंटते म्हणून आपण घाबरतो, आणि खरोखर उंची खुंटवणारी वस्तू जिमच्या कोपऱ्यात गुपचूप विकली जाते. शक्तिवर्धक म्हणून दिली जाणारी स्टिरॉइड्स हाडांच्या टोकाची ती कूर्चा अकाली बंद करू शकतात. अशी वस्तू मुलाच्या हाती देणारा माणूस कितीही पदके मिळवून देवो, तो वस्ताद नव्हे.

आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. प्रत्येक प्रकाराची एक-दोन आवर्तने, नंतरही दोन-तीन वेळा सहज करता येईल इतकी शक्ती शिल्लक ठेवून. पाठ वाकली, श्वास रोखला की तेथेच थांबवायचे. हे शब्दांत सांगून समजत नाही, म्हणून आता आपण मैदानावर जाऊ. आधी रिकाम्या काठीवर करू. प्रत्येकाने आपापली लाठी घेऊन यावे, आणि पालकांनीही बाहेर यावे, कारण पाठ कधी वाकते हे ओळखायला मी तुम्हालाच शिकवणार आहे.