जसा द्रव तसें भांडें

लोणचें चिनी मातीच्या बरणींतच कां घालावें आणि ताक पितळेच्या पातेल्यांत कां ठेवूं नये, हें आपल्या घरांतील वडील बायकांना कोणी पुस्तकांतून शिकविलें नव्हतें. कल्हई उडालेल्या भांड्यांत आमटी कळकते, एवढें त्यांस अनुभवानें ठाऊक होतें. कल्हईवाल्याची हाक गल्लींत ऐकूं आली कीं माझी आई प्रथम चिंचेच्या साराचें पातेलें बाहेर काढी. कोणत्या पदार्थाचें कोणत्या धातूशीं पटतें आणि कोणाशीं वांकडें आहे, याचें तें एक शास्त्रच होतें, फक्त त्यास शास्त्र असें नांव नव्हतें.

आज ज्या पदार्थांविषयीं बोलावयाचें आहे ते आईच्या स्वयंपाकघरांत नव्हते. रंग पातळ करावयाचें थिनर, टर्पेंटाइन, नखांवरील रंग पुसण्याचें अ‍ॅसिटोन, कातडें चिकटविण्याच्या चिकींतील टोल्युईन, जुना रंग खरवडण्यापूर्वीं त्यावर फांसावयाचें मिथिलीन क्लोराइड, हीं सारीं द्रावकें होत. कारखान्यांत तीं टांक्यांनीं सांठविलेलीं असतात, आपल्या घरीं तीं बाटलीनें येतात. दोन्ही ठिकाणीं प्रश्न एकच असतो: हें ठेवावयाचें कशांत?

मी रसायनशास्त्राचा पदवीधर नव्हें. मॅट्रिक होऊन चित्रकलेची परीक्षा दिली आणि तीस वर्षांहून अधिक काळ मुलांना रंग कसे कालवावे तें शिकविलें. तेव्हां माझें या विषयांतील ज्ञान बरेंचसें चुकांतून आलेलें आहे. त्यांपैकीं पहिली चूक हंसण्याजोगी आहे. एका वर्षीं शाळेच्या स्नेहसंमेलनासाठीं आम्हीं थर्मोकोलचा राजवाडा उभा केला. त्यास लवकर वाळणारा रंग द्यावा म्हणून मीं तो रंग थिनरनें सैल केला आणि कुंचला फिरविला. पाहतां पाहतां बुरूज खचले, कमानी विरघळल्या, आणि नाटकास उघड्या मैदानाचा देखावा लावावा लागला. नाटकांत राजा होता. तो बिचारा मैदानांतच राज्य करून गेला!

तेथें घडलें काय? आम्ल धातूला खातें तें वरून, थर थर उतरवीत. द्रावकाची रीत निराळी आहे. तें प्लास्टिकच्या अंगांतच शिरतें. थर्मोकोल म्हणजे फुगविलेलें पॉलिस्टायरिन. थिनरमध्यें तें साखर पाण्यांत विरघळावी तसें विरघळतें. सगळींच प्लास्टिकें विरघळत नाहींत. कांहीं नुसतीं फुगतात, कांहीं मऊ पडतात, आणि कांहीं बाहेरून धड दिसत असतां आंतील द्रव भिंतीवाटे हळूंहळूं बाहेर झिरपूं देतात. ही शेवटची जात अधिक फसवी.

दुसरी चूक हंसण्याजोगी नाहीं. टर्पेंटाइनचा पत्र्याचा डबा गंजून पाझरूं लागला, म्हणून मीं तें पाण्याच्या एका रिकाम्या बाटलींत ओतलें आणि बाटली चित्रकलेच्या वर्गांत खिडकींत ठेविली. मार्च महिना होता. मैदानावरून धांवत आलेल्या सातवीच्या एका मुलानें ती उचलून तोंडाला लावली. एकच घोट गेला, आणि तो खोकूं लागला. मी घाबरून त्याच्या घशांत बोटें घालून ओकारी काढावयास निघालों होतों. शेजारच्या वर्गावरील बाईंनीं माझा हात धरला. "गुरुजी, ओकारी काढूं नका, तें छातींत जाईल," असें त्या म्हणाल्या. त्यांचें म्हणणें अगदीं बरोबर होतें. टर्पेंटाइन किंवा रॉकेल पोटांत गेल्यानें जेवढी हानि होते, त्याहून किती तरी अधिक हानि तें ओकतांना फुप्फुसांत उतरल्यानें होते. अशा वेळीं ओकारी न काढतां, ती बाटली बरोबर घेऊन, तत्काळ रुग्णालय गांठावें. तो मुलगा तीन दिवस रुग्णालयांत होता. तो बरा झाला, पुढें शिकला, आतां संसार करून आहे. पण त्याच्या वडिलांनीं मला एकच प्रश्न विचारला होता, "बाटली कोणी भरली?" आणि त्याचें उत्तर मला द्यावें लागलें होतें.

त्यानंतर मी या विषयाकडे लक्ष देऊं लागलों. माझा एक जुना विद्यार्थी ठाणें जिल्ह्यांतील एका रंगाच्या कारखान्यांत कोठाराचा प्रमुख आहे. मीं त्याला गांठलें, आणि त्यानें मला आपल्या टांक्या दाखविल्या. मीं विचारलें, "अरे, सर्वांत चांगली टांकी कशाची?" तो म्हणाला, "सर, तें टांकीला विचारून कळत नाहीं, आंत काय भरावयाचें त्याला विचारावें लागतें."

टोल्युईन, झायलीन यांसारख्या द्रावकांना साधें पोलाद चालतें. त्यांचें लोखंडाशीं भांडण नाहीं. भांडण करतें तें पाणी. टोल्युईन पाण्याहून हलकें असल्यामुळें आंत शिरलेला दंव-ओलावा तळाशीं जाऊन बसतो आणि टांकी बुडाकडून गंजते. म्हणून तळाशीं तोटी ठेवून तें पाणी वेळोवेळीं काढावें लागतें. मिथेनॉलचें तसें नाहीं. तें जस्ताला, शिशाला आणि अ‍ॅल्युमिनियमलाही बाधतें; जस्ताचा मुलामा दिलेली टांकी त्यास वर्ज्य. जेथें द्रावकाच्या शुद्धतेला जपावयाचें, उदाहरणार्थ औषधांच्या कामीं, तेथें पैसा खर्च करून स्टेनलेस पोलाद वापरतात.

पण त्यानें मला सर्वांत गंभीर होऊन सांगितलें तें क्लोरीनयुक्त द्रावकांविषयीं. मिथिलीन क्लोराइड, ट्रायक्लोरोएथिलीन हीं अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांत कधींही ठेवूं नयेत, आणि त्यांचे पंप, तोट्या, नळ्याही त्या धातूच्या असूं नयेत. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचें एक पातळ कवच असतें, तेंच त्याला राखतें. तें कवच कोठें फुटलें कीं द्रावकाची आणि उघड्या धातूची गांठ पडते; त्यांतून अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड होतें, आणि तें झालें कीं पुढील क्रिया अधिकच वेगानें चालते. उष्णता वाढते, हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ कोंडते, बंद भांडें फुटूं शकतें. आज धड, उद्यां धड, आणि परवां एकाएकीं असें होणें, हीच त्यांतील मेख आहे. आणखी एक गोष्ट माझ्या मनांत कधीं आली नव्हती. मिथिलीन क्लोराइड पाण्याहून जड आहे. १,००० लिटर पाणी १,००० किलो भरतें, तर तें सुमारें १,३३० किलो. पाण्याच्या हिशोबानें बांधलेल्या टांकींत तें काठोकाठ भरलें, तर टांकीच्या पायांवर तिसरा हिस्सा बोजा वाढला!

टांकी नीट निवडली तरी काम संपत नाहीं. झांकणाच्या व सांध्याच्या रबराचा विचार उरतोच. आपण सगळ्या काळ्या चकत्यांना रबर म्हणून मोकळे होतों. साधें रबर टोल्युईनमध्यें फुगून जातें. नायट्राइल रबर पेट्रोलसारख्या तेलांस चालतें, पण अ‍ॅसिटोनमध्यें तें नासतें. व्हायटॉन नांवाचें महागडें रबर टोल्युईनला पुरून उरतें, पण अ‍ॅसिटोनपुढें तेंही टिकत नाहीं. ईपीडीएम जातीचें रबर अ‍ॅसिटोनला चालतें, तर टोल्युईनला चालत नाहीं. बहुतेक सर्वांना पुरणारा पदार्थ एकच, टेफ्लॉन. आणि तोही शोधूं जातां सांपडलेला नाहीं. १९३८ सालीं अमेरिकेंत रॉय प्लंकेट यांच्या प्रयोगशाळेंत वायूनें भरलेल्या एका नळकांड्यांतून वायू येईना, पण वजन तर उणें झालेलें नव्हतें. नळकांडें कापून पाहिलें तों आंत मेणासारखी पांढरी भुकटी! तीच पुढें टेफ्लॉन म्हणून प्रसिद्धीस आली.

टांकी श्वासही घेते. १,००० लिटर टोल्युईन २० अंशांनीं तापलें कीं २० लिटरांहून अधिक फुगतें. म्हणून वर जागा मोकळी सोडतात आणि वाफेसाठीं वाट ठेवतात. ही वाट बुजली, तर दुपारीं टांकी फुगते आणि रात्रीं गार होतांना आंत पिचते. त्या वाटेच्या तोंडाशीं ज्वाळा अडविणारी धातूची जाळी असते. १८१५ सालीं हंफ्री डेव्ही यांनीं कोळशाच्या खाणींतील दिव्यास जी बारीक जाळी लाविली, तिचेंच हें तत्त्व: जाळीचा धातू ज्वाळेची उष्णता शोषून घेतो, आणि पलीकडील वायूस पेटण्याइतकी आंच पोंचत नाहीं. टांकीभोंवतीं कठडा बांधतात तो सर्वांत मोठ्या टांकींतला सगळा माल आंत मावेल एवढा, आणि त्यास गटाराकडे उघडी वाट ठेवीत नाहींत.

आतां आगीविषयीं. ज्या उष्णतामानास द्रवावरील वाफ ठिणगीनें भडकूं शकते त्यास फ्लॅश पॉइंट म्हणतात. अ‍ॅसिटोनचा तो शून्याखालीं सुमारें २० अंश, टोल्युईनचा सुमारें ४, टर्पेंटाइनचा सुमारें ३५. म्हणजे नागपूरच्या उन्हाळ्यांत टर्पेंटाइनही पेटावयास सज्ज असतें. या वाफा हवेहून जड असतात. जमिनीलगत सरपटत त्या शेजारच्या खोलींतील शेगडीपर्यंत जातात. आणि टोल्युईनसारखें द्रावक नळींतून जोरानें ओतलें तर घर्षणानें वीज सांठते. म्हणून कारखान्यांत ड्रम व टांकी तांब्याच्या तारेनें जोडून ती तार जमिनींत उतरवितात, आणि नळी तळापर्यंत सोडून हळूं भरतात.

मीं सहज कोपऱ्यांतील रिकाम्या ड्रमकडे बोट करून म्हटलें, "हे तरी निर्धास्त." तो म्हणाला, "सर, यांचीच मला अधिक भीति वाटते." भरलेल्या ड्रममध्यें वाफेला जागा थोडी असते. रिकाम्यांत तळाशीं राहिलेल्या पेलाभर द्रावकाची वाफ आणि हवा यांचें मिश्रण सारें पोट भरून असतें, आणि आपल्याकडील उष्णतामानांत टोल्युईनचें हें मिश्रण नेमकें स्फोटाच्या प्रमाणांत येतें. असे ड्रम भंगारांत विकले जातात, कोणी ते गॅसच्या ज्योतीनें कापावयास घेतो, आणि माणसें दगावतात. "प्लास्टिकच्या ड्रमचें काय?" मीं विचारलें. तो म्हणाला, "तें द्रावक पिऊन बसतें, सर. धुतलें तरी अंगांतलें जात नाहीं. पुढें महिनोन् महिने पाण्यांत उतरत राहतें."

मी गप्प राहिलों. आमच्या गच्चीवर पाणीटंचाईच्या दिवसांत भंगारवाल्याकडून घेतलेला एक निळा ड्रम होता, आणि वर्षभर आम्ही त्याचें पाणी धुण्याभांड्याला वापरीत होतों. घरीं येऊन झांकण उघडलें आणि नाक आंत घातलें. उन्हानें तापलेल्या प्लास्टिकला माझ्या चित्रकलेच्या वर्गाचा वास येत होता. भंगारवाल्यास परत द्यावा, तर तो उद्यां दुसऱ्या कोणास पाण्यासाठींच विकणार. म्हणून सुताराकडून त्याच्या बुडाला गिरमिटानें भोकें पाडून घेतलीं, आंत माती भरली, आणि जास्वंद लावली. घरांतील टर्पेंटाइन आतां त्याच्या मूळच्या डब्यांत, नांवाच्या चिठ्ठीसह, कुलुपाच्या कपाटांत आहे. पाण्याची रिकामी बाटली मात्र मी अजून चेपून, झांकण वेगळें करून मगच टाकतों, आणि घरांतील मंडळी मला त्यावरून हंसतात.