पैसा सतरंजीवर दिसला पाहिजे

 

दर वेळी मी बचत, हप्ते, बँकेचे कागद असं काहीतरी सांगते. आज जुगाराबद्दल बोलणार आहे. कुणी म्हणेल, बाई, गटाच्या मॅडमला जुगाराचं काय घेणं? घेणं आहे. शेवटपर्यंत ऐका, मग सांगा.

दिवाळी झाली की आपल्याकडे मंडया सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची. पाहुणे येतात, रात्री दंडार असते, नाटक असते. आणि गर्दीच्या एका कोपऱ्यात झेंडीमुंडीचा कपडा पसरलेला असतो. झेंडा, मुंडी, बदाम, चौकट, इस्पिक, किलवर. दहाची नोट ठेवली की वीस मिळतील या आशेने पोरं वाकून उभी असतात. हे आपण लहानपणापासून पाहिलं आहे.

मागच्या मंडईला मी माहेरी गेले होते. माझा भाचाही आला होता. तो हॉटेलच्या कामाचं शिकला आणि पणजीला गेला. तिथे मांडवी नदीत कॅसिनोच्या बोटी उभ्या असतात. सरकारी परवान्याने चालणारा जुगार. त्यातल्या एका बोटीवर तो दोन वर्षं पत्ते वाटायच्या कामाला होता. आम्ही बाया चिवड्याचे पोहे निवडत होतो. मी सहज विचारलं, "का रे, तिथे लोक करतात तरी काय?"

त्याने आईच्या डब्यातले चिचोके घेतले, पत्ते घेतले आणि अंगणात डाव मांडला. म्हणाला, आत्या, खेळाचं नाव पोकर. आपल्या तीन पत्तीचाच भाऊबंद. पण टेबलावर नोट ठेवत नाहीत. खिडकीवर पैसे द्यायचे आणि त्याबदली गोल चकत्या घ्यायच्या. त्यांना चिप म्हणतात. प्रत्येक रंगाची किंमत वेगळी.

मग त्याने चिप लावायची रीत सांगितली. मी ऐकतच राहिले. मला वाटायचं जुगाऱ्यांना कसली आली रीतभात. पण रीत फार कडक आहे.

पहिली गोष्ट, आपल्या चिपा सगळ्यांना दिसतील अशा रचून ठेवायच्या. मोठ्या किमतीच्या पुढे. छोट्यांच्या मागे मोठी लपवली तर ती लबाडी.

दुसरी, आपली पाळी आल्याशिवाय चिपेला हात लावायचा नाही.

तिसरी, किती लावतो ते तोंडाने सांगायचं. एकदा बोललं की ते पक्कं. न बोलता नुसती एक मोठी चिप टाकली, तर तुमच्या मनात काहीही असो, समोरच्याने लावलं तेवढंच तुम्ही लावलं असं धरतात.

चौथी, लावायचं ते एकदाच पुढे सरकवायचं. थोडं ठेवलं, समोरच्याचं तोंड पाहिलं, मग आणखी ठेवलं, हे चालत नाही. माझी आई पण खेळायला बसली होती. तिने दोन चिचोके ठेवले, माझ्याकडे पाहिलं आणि तिसरा ठेवायला गेली. भाचा म्हणाला, "आजी, असं नाही चालत. तो उचल."

पाचवी, मधल्या ढिगात चिपा भिरकावायच्या नाहीत. आपल्या पुढ्यात ठेवायच्या. पत्ते वाटणारा मोजतो, मगच त्या ढिगात जातात. भिरकावल्या तर कुणी किती टाकलं ते कसं कळणार?

आणि सहावी, डाव सुरू झाल्यावर खिशातून नवे पैसे काढायचे नाहीत. टेबलावरच्या चिपा गुपचूप खिशात घालायच्या नाहीत. डावाच्या सुरुवातीला समोर जेवढं आहे, तेवढ्याचाच खेळ.

आई म्हणाली, "अगं, हे तर तुमच्या गटाचेच नियम झाले!"

खरंच की. आपली आठवड्याची बैठक डोळ्यासमोर आणा. सतरंजीवर गोल बसतो. पाळीपाळीने बचत देतो. प्रत्येक बाई रक्कम मोठ्याने सांगते. पैसे सगळ्यांसमोर मोजले जातात, मगच पेटीत जातात. लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवतो. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब, ही आपली पंचसूत्री. पैसा दिसला पाहिजे आणि ऐकू आला पाहिजे, एवढंच तिचं मर्म.

मी भाच्याला विचारलं, "इतके कडक नियम असताना लोक बुडतात कसे?"

तो म्हणाला, "आत्या, ते नियम खेळणाऱ्यांनी एकमेकांना फसवू नये म्हणून आहेत. त्यांना बुडण्यापासून वाचवायला नाहीत. बोटवाला तर डावाडावातून आपला वाटा काढतो, कुणीही जिंको. आणि चिप असते कशासाठी? पाचशेची नोट टाकताना हात थरथरतो. चिप टाकताना थरथरत नाही. ती पैसा वाटतच नाही."

आणखी एक गोष्ट त्याने सांगितली. फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना या कॅसिनोंत खेळायला बंदी आहे. ज्या राज्याला जुगाराचा कर मिळतो, ते आपल्या माणसांना मात्र आत सोडत नाही. यातून काय समजायचं ते समजून घ्या.

आता गोव्याहून आपल्या गावात येऊ. इथे बोट नाही, चिपा नाहीत. इथे फोन आहे.

आमच्या एका गटातली गोष्ट आहे. गाव सांगत नाही, नाव सांगत नाही. तिने शिलाई मशीनसाठी गटातून तीस हजार कर्ज घेतलं. ठराव झाला, सह्या झाल्या. दोन हप्ते वेळेवर आले. मग ती बैठकीला यायची बंद झाली. एकदा ताप होता, एकदा पाहुणे होते. तिसऱ्यांदा मी घरी गेले, तर मशीन नव्हतंच. तिच्या गळ्यातलं डोरलंही नव्हतं.

नवरा फोनवर रमी खेळत होता. तिच्या खात्याचा पिन त्याला पाठ होता. आधी दहा रुपये, मग पन्नास, मग दोनशे. कर्जाचे पैसे गेले, धानाचे चुकारे गेले. लाडक्या बहिणीचे पंधराशे जमा झाल्याचा मेसेज यायचा आणि तासाभरात ते पैसे नसायचे.

यात माझीही चूक होती, ती आज सगळ्यांसमोर सांगते. मी सही पाहिली, मशीनची पावती मागितली नाही. पैसा कुणाच्या हातात जाईल हे मी विचारलं नाही. वाटलं, घरातली गोष्ट आहे, कशाला बोलायचं.

आता त्या फोनला भाच्याने सांगितलेले नियम लावून पाहा. पैसे रचून समोर ठेवलेले दिसतात का? नाही. तोंडाने रक्कम बोलावी लागते का? नाही, बोटाने दाबायचं. डाव सुरू झाल्यावर खिशातून काढायचे नाहीत, असं आहे का? उलट, संपले की लगेच आणखी टाका म्हणून फोनच सांगतो. पाळीची वाट पाहायला कुणी नाही, हात धरायला कुणी नाही. रात्री दोन वाजता पांघरुणातही खेळता येतं.

त्या बाईच्या घरी आम्ही नऊजणी गेलो. भांडायला नाही, बैठक घ्यायला. तिच्याच ओसरीत सतरंजी टाकली. पासबुक भरून आणलं होतं. नवऱ्याला म्हटलं, भाऊ, तुम्ही एकेक रक्कम मोठ्याने वाचा, आम्ही लिहितो. पन्नास. दोनशे. शंभर. पाचशे. दीड तास चाललं. बेरीज सत्त्याऐंशी हजार चारशे आली. तो आकडा ऐकून त्याने पासबुक खाली ठेवलं. म्हणाला, "मला वाटलं दहा-पंधरा हजार असतील." लपवत होता तो आमच्यापासून, पण त्याचा त्यालाही हिशेब नव्हता.

गटाने तिचे हप्ते लहान करून दिले. पिन बदलला. तो आता खेळत नाही असं ती सांगते. मी शपथ घेणार नाही. पण दर महिन्याला पासबुक भरून आणते आणि बैठकीत स्वतः वाचून दाखवते.

कायद्याचंही सांगते. आपल्या राज्यात जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ सालापासून आहे. मंडईतल्या कपड्यावर खेळणाऱ्यालाही पोलीस धरू शकतात. फोनवरच्या पैशांच्या खेळांसाठी केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये वेगळा कायदा केला. रमी असो, पोकर असो, बुद्धीचा खेळ म्हणा की नशिबाचा, पैसे लावून असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळून बुडालेल्याला मात्र या कायद्यात शिक्षा नाही. म्हणून तक्रार करायला घाबरू नका. नावाजलेल्या कंपन्यांनी पैशांचे डाव बंद केले, पण चोरट्या लिंक अजून फिरतात. फार लांब कशाला, जुलै २०२३ मध्ये नागपूर पोलिसांनी आपल्या गोंदियातच एका घरावर छापा टाकला होता. ऑनलाइन जुगारात अठ्ठावन्न कोटी गेले, अशी नागपूरच्या एका व्यापाऱ्याची तक्रार होती. घरातून कोट्यवधी रोख आणि किलोंनी सोनं निघालं.

महाभारतातली द्यूतसभा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. द्रौपदीने भर सभेत विचारलं होतं की धर्मराज आधी स्वतःला हरले की मला? जो स्वतःलाच हरला, त्याला मला लावायचा अधिकार कुठला? मोठमोठे माणसं खाली मान घालून बसली. तोच प्रश्न आपल्यालाही विचारता येतो. हे पैसे कुणाचे? कुणाला विचारून लावले?

तर बायांनो, चार गोष्टी करा. आपल्या खात्याचा पिन आपल्याकडेच ठेवा. पासबुक दर महिन्याला भरा आणि घरात मोठ्याने वाचा. कर्ज ज्या वस्तूसाठी घेतलं, तिची पावती पुढच्या बैठकीत दाखवा, आणि माझ्यासारख्या बाईने ती मागितली तर रागावू नका. एखादी बहीण सलग दोनदा बैठकीला आली नाही, तर दंड लावायच्या आधी तिच्या घरी जा.

फोनवर फसवणूक झाली तर लगेच १९३० ला फोन करा. जितका लवकर कराल, तितके पैसे अडवता येण्याची आशा जास्त. घरातल्या माणसाचा खेळ सुटत नसेल, जिवाचं बरंवाईट करायचं बोलत असेल, तर १४४१६ हा टेली मानसचा नंबर आहे. बोलणं मोफत आहे.

डावाला बसलेला जुगारीसुद्धा आपला पैसा सगळ्यांना दिसेल असा ठेवतो. मग आपण तर घर चालवणाऱ्या बाया आहोत. आपला पैसा आपल्या घरात आपल्यालाच दिसू नये, असं कसं चालेल?

पुढच्या वेळी भेटू. नमस्कार.