औट्रमची पत्रे आणि आपले मौन



चाळीसगावहून छत्रपती संभाजीनगरकडे जाताना कन्नडचा घाट लागतो. औट्रम घाट हे त्याचेच दुसरे नाव. हा औट्रम कोण, असा प्रश्न घाट चढताना फारसा कोणाला पडत नाही.

जेम्स औट्रमचा जन्म १८०३ सालचा, इंग्लंडमधील डर्बीशायरचा. तो दोन वर्षांचा असताना वडील वारले. आईने ओढगस्तीत मुले वाढविली. १८१९ साली तो कंपनीच्या मुंबई फौजेत दाखल झाला. आईला त्याने धाडलेल्या पत्रांतील बराच मजकूर गोल्डस्मिडने १८८० साली प्रसिद्ध केलेल्या द्विखंडात्मक चरित्रात आला आहे. कुटुंबाची ओढ आणि कंपनीचे राजकारण त्यात शेजारी शेजारी नांदतात.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे गेला. डोंगरांतील भिल्ल नाईकांनी मात्र नवी सत्ता मानली नाही. फौजा पाठवूनही ते नमेनात, तेव्हा १८२५ साली बावीस वर्षांच्या औट्रमला तेथे धाडण्यात आले. त्याने धरणगावी भिल्ल पलटण उभारली. तो पहाऱ्यावाचून भिल्लांच्या वस्तीत जाई, त्यांच्याबरोबर शिकार करी, त्यांच्यावर विश्वास टाकी.

म्हणून त्याचे गोडवे गावेत काय? १८३० साली याच पलटणीच्या बळावर त्याने डांगचा मुलूख नमविला. वनवासी बांधवांचा पराक्रम वनवासी बांधवांवरच चालविला गेला. पुढे १८४३ साली सिंध गिळंकृत झाला, तेव्हा औट्रमने त्यास विरोध केला आणि लुटीतील आपला वाटा धर्मादाय कार्यास दिला. तरीही १८५६ साली अयोध्येचे राज्य खालसा करताना रेसिडेंट तोच होता. सज्जन माणूसही अन्यायी सत्तेची चाकरी करू लागला की त्याची सज्जनता त्या सत्तेच्याच कामी येते.

सेंधव्याच्या घाटाची राखण करणारा खाज्या नाईक १८५७ साली याच सत्तेवर उलटला. ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीची झुंज झाली. तिची हकीकत आज आपण वाचतो ती प्रामुख्याने इंग्रजांच्या अहवालांतून. औट्रमच्या आईचे नाव आपणांस ठाऊक आहे. अंबापाणीला ज्यांचे पुत्र पडले त्या मातांचे काय?

इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जुने कागद जमविले, मराठ्यांच्या इतिहासाची साधने २२ खंडांत छापली आणि १९२६ साली धुळ्यात देह ठेवला. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ याच शहरात उभे आहे. जेथे कागदच नाहीत तेथे माणसांच्या मुखातील स्मृती हेच साधन. सातपुड्याच्या पाड्यांवरील वृद्धांना नाईकांच्या कथा व गीते आठवत असतील, तोवरच ती टिपून घेता येतील.

एक परका तरुण राज्य वाढविण्यासाठी त्या वस्त्यांत निःशंकपणे जाऊन बसला. आपण तर त्यांचे सख्खे. धुळ्या-जळगावच्या किती घरांतून कोणी त्या पाड्यावर मुक्कामाला गेले आहे? या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाने स्वतःपाशी द्यावयाचे आहे.