दहा टक्क्यांचा मालक



कामावर असताना ज्याचा हात गेला त्याला भरपाई कोणी द्यावी, या प्रश्नाचे उत्तर औद्योगिक जगाला फार उशिरा आणि फार मोठी किंमत मोजून सापडले. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने १९१० साली धोक्याच्या धंद्यांसाठी सक्तीच्या नुकसानभरपाईचा कायदा केला. २४ मार्च १९११ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठाने तो घटनाबाह्य ठरविला, आणि दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्क शहरातील ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला लागलेल्या आगीत १४६ कामगार बळी पडले. पुढे राज्यघटनेत दुरुस्ती करून तो कायदा पुन्हा आणावा लागला. १९४८ साली मिसिसिपीने असा कायदा केला, तेव्हा कोठे तेथील सर्व घटकराज्ये या व्यवस्थेत आली.

या व्यवस्थेच्या मुळाशी एक तडजोड आहे. कामगाराने मालकावर दिवाणी दावा लावण्याचा हक्क सोडावयाचा. त्याच्या मोबदल्यात, चूक कोणाची हे न पाहता, मालकाने औषधोपचाराचा खर्च आणि बुडालेल्या मजुरीचा काही हिस्सा द्यावयाचा. त्यासाठी घ्यावयाच्या विम्याचा हप्ता पगाराच्या दर शंभर डॉलरमागे, कामातील धोक्याप्रमाणे आकारला जातो. कचेरीतील कारकुनासाठी तो नाममात्र असतो. छपरावर चढणाऱ्या मजुरासाठी जबर असतो.

या तडजोडीतून एक वाट मात्र मोकळी ठेवलेली आहे. कंपनीचा जो पदाधिकारी तिचा भागधारकही आहे, तो स्वतःला या संरक्षणातून वगळून घेऊ शकतो. फ्लॉरिडा राज्यात बांधकाम धंद्यातील कंपनीचे जास्तीत जास्त तीन पदाधिकारी, प्रत्येकाकडे किमान दहा टक्के भाग असल्यास, असे सूट-प्रमाणपत्र मिळवू शकतात. ते घेतल्यावर अपघात झाला तर त्यांना या कायद्याखाली काहीही मागता येत नाही. एकट्याने धंदा करणारे व भागीदारीतील गवंडी-सुतार यांची सूट तेथे २००४ च्या आरंभापासून बंद झाली. कंपनीचा दरवाजा मात्र उघडा राहिला.

या सवलतीमागे काहीच तर्क नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. जो स्वतःच मालक आणि स्वतःच राबणारा आहे, त्याने स्वतःविरुद्ध स्वतःचा विमा उतरवावा की नाही, हे त्याच्यावर सोडण्यात गैर काय? छोट्या धंदेवाल्याला हप्त्याचा भार जड जातो, हेही खरे आहे.

परंतु दहा टक्क्यांचा मालक हा नव्वद टक्के बिनमालक असतो, हे विसरून चालणार नाही. फ्लॉरिडाच्याच कायद्याप्रमाणे पोटकंत्राटदाराच्या मजुरांची जबाबदारी अखेर मुख्य कंत्राटदारावर येते. पोटकंत्राटदाराने विम्याचा पुरावा किंवा सूट-प्रमाणपत्र दाखविले की ती टळते. मग कंत्राटदाराला स्वस्त काय पडेल? मजुराला मजूर म्हणून ठेवून हप्ता भरणे, की 'तू कंपनी काढ, प्रमाणपत्र आण आणि मगच कामावर ये' असे सांगणे? ही शंका काल्पनिक नाही. कामगारावर असे प्रमाणपत्र घेण्याची जबरदस्ती करणे हा त्या राज्यात कायद्यानेच फौजदारी गुन्हा ठरविला आहे. ज्या रोगाचा प्रादुर्भाव नसतो त्याचे औषध कोणी कायद्याच्या पुस्तकात लिहून ठेवत नाही.

कॅलिफोर्नियाचा अनुभव याहून बोलका आहे. तेथे २०१७ च्या आरंभापासून नियम कडक झाले: ज्याच्याकडे किमान पंधरा टक्के भाग आहेत त्यालाच सूट, आणि तीही खोट्या शपथेच्या शिक्षेची जोखीम पत्करून केलेल्या लेखी निवेदनावर. दीड वर्षातच, जुलै २०१८ पासून, ही मर्यादा दहा टक्क्यांवर आली. पंधराचे दहा झाले. छपरावरून पडणाऱ्याच्या हाडांत मात्र या काळात काही फरक पडला नव्हता. आकडा कोणताही ठेवा, तो भागांची मोजदाद करतो. सत्ता कोणाच्या हाती आहे हे मोजत नाही. कामाचे तास कोण ठरवतो, नफा कोणाच्या पदरात पडतो, कामावरून कोण कोणाला काढू शकतो, या तीन प्रश्नांची उत्तरे भागपत्रावर लिहिलेली नसतात.

शिवाय, जखमी माणसाचा खर्च विम्याने नाकारला म्हणून नाहीसा होत नाही. तो त्याच्या बायकोच्या मजुरीवर, मुलांच्या शिक्षणावर आणि शेवटी सार्वजनिक रुग्णालयावर येऊन पडतो. खाजगी धंद्याने वाचविलेला हप्ता समाज भरतो.

आपल्याकडच्या १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने एक शहाणपण दाखविले होते. भरपाईचा हक्क सोडून देणारा कामगाराचा करार त्याच्या सतराव्या कलमाने रद्दबातल ठरविला होता. पोट भरण्यासाठी माणूस कशावरही सही करतो, हे त्यामागचे सत्य. पण ज्याला कामगारच म्हणावयाचे नाही, त्याला हे कलम कसे वाचविणार? पुण्या-मुंबईच्या रस्त्यांवर दुचाकीवरून डबे पोहोचविणाऱ्या तरुणांना कंपन्या 'पार्टनर' म्हणतात. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा श्रमिकांची दखल घेतली, हे खरे. पण त्यांची व्याख्या मालक-नोकर या परंपरागत नात्याच्या बाहेरची म्हणूनच केली. फ्लॉरिडातील मजुराच्या हाती निदान दहा टक्क्यांचा कागद तरी असतो. येथे नुसता शब्दच आहे.

म्हणून कामगार चळवळीची मागणी स्पष्ट असली पाहिजे. दुसऱ्याच्या हुकमतीखाली राबणारा प्रत्येक माणूस कामगार मानला जावा, आणि तो तसा नाही हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असावा. बांधकामासारख्या जोखमीच्या धंद्यात हक्क सोडून देणारी सही कोणाचीही असो, ती ग्राह्य धरू नये. खऱ्या छोट्या मालकाला हप्ता झेपत नसेल, तर सरकारने त्या हप्त्याचा वाटा उचलावा. त्याचे संरक्षण काढून घेणे हा उपाय नव्हे. मालकीचा वाटा द्यावयाचाच असेल तर तो नफ्यात आणि निर्णयात द्यावा. केवळ अपघातापुरती मालकी ही मालकी नव्हे. ती मजुराच्या अंगावर ढकललेली जोखीम आहे.